कडं नसलेल्या बाटल्या

त्याला सगळे बाटलीदादा म्हणत, आणि नवा माणूस हमखास फसायचा. धरणाच्या तळ्याकाठच्या क्लबात नव्यानं आलेल्या एका सभासदाच्या बायकोनं तर पहिल्याच आठवड्यात मालकांकडे तक्रार नेली होती, की तुमचा तो धरणावरचा माणूस सकाळी सकाळी बाटली घेऊन झाडीत शिरतो, आमची मुलं इथं खेळत असतात. आता या बाईंना कोण सांगणार, की त्या माणसानं जन्मात चहापेक्षा कडक काही घेतलेलं नाही. मालक पोट धरधरून हसले. बाई मात्र पुढची दोन वर्षं दादापासून चार हात लांबूनच चालायच्या.

बाटली होती पाण्याची, आणि झाडीत शिरताना ती रिकामी असायची. दर रविवारी सकाळी दादा धरणाच्या पायथ्याशी उतरायचा. तिथं भिंतीतून एक लोखंडी नळी बाहेर आली होती, मनगटाएवढी जाड. मातीचं धरण कितीही चांगलं बांधा, थोडं पाझरतंच. आमचं पाझरत नाही असं कुणी सांगितलं तर समजावं, एक तर तो खोटं बोलतोय किंवा त्याच्या धरणात पाणीच नाही. तर तो पाझर या नळीतून बाहेर पडायचा. दादा नळीखाली काचेची बाटली धरायचा, ती भरेपर्यंत आकडे मोजायचा, बूच लावायचा, तारखेची चिठ्ठी चिकटवायचा आणि वर येऊन आपल्या चौकीच्या खिडकीतल्या फळ्यांवर ठेवायचा. बावन्न बाटल्या. त्रेपन्नावी आली की सगळ्यात जुनी ओतून धुवायची. म्हणजे अख्ख्या वर्षाचं धरण खिडकीत उभं. पाणी नितळ असलं की भिंत ठीक. गढूळ आलं की समजायचं, पाणी आता एकटं येत नाही, भिंतीची माती बरोबर घेऊन येतंय. वरून काही कळत नाही. वर गवत हिरवंगार, माणसं चटया टाकून बसलेली, आणि आतून भिंत पोखरत चाललेली.

आणखी एक गोष्ट होती. तिथल्या मातीत लोखंडाचा अंश होता. बाटली तीन दिवस उभी राहिली की पाणी जिथं संपतं तिथं काचेला तांबूस कडं धरायचं, चहाच्या कपाला धरतं तसं. दादाच्या बायकोला या कड्याचा भारी राग. घासून घासून तिची बोटं दुखायची. "तुमचं धरण एकदाचं फुटू दे, माझी घासणी तरी सुटेल," असं ती म्हणायची. चेष्टेत म्हणायची. बोलणाऱ्यालाही ठाऊक होतं, ऐकणाऱ्यालाही.

धरण तसं लहानच. दोन टेकड्यांमधल्या ओढ्यावर थोरल्या मालकांनी हौसेनं बांधलेलं. शेतीला पाणी नको, वीज नको; होड्या फिरवायच्या, गळ टाकून बसायचं, सुट्टीला पाहुणे बोलवायचे, एवढ्यासाठी. त्या कामावर दादा वीस वर्षांचा असताना मातीच्या पाट्या टाकायला आला. आणि तिथंच त्यानं ते पाहिलं. डाव्या टोकाला, जिथं भिंत टेकडीला टेकते, तिथं एका जुन्या झाडाचं खोड जमिनीत रुतलेलं होतं. ते मुळासकट काढायला हवं होतं. दोन दिवस गेले असते. मुकादम म्हणाला, "राहू दे, एवढ्या मातीखाली कुणाला दिसतंय?" आणि त्यावर माती पडली. दादाच्याही तीन पाट्या त्यात होत्या.

आठवडाभर त्याला घास गोड लागेना. शेवटी तो सरळ थोरल्या मालकांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, लाकूड कुजतं, कुजलं की पोकळी राहते, पोकळीतून पाणी वाट काढतं. थोरल्या मालकांनी ऐकून घेतलं. भिंत तर आता पुरी झाली होती. म्हणाले, "तुला एवढी काळजी आहे ना, मग तूच राहा इथं. लक्ष ठेव." दोन खोल्यांची चौकी दिली, नोकरी दिली. झालं. तेव्हापासून छत्तीस वर्षं हा माणूस एका पुरलेल्या खोडावर पहारा देत होता. गवतात वाढणारं प्रत्येक रोपटं त्यानं बोटाएवढं असतानाच उपटलं, कारण झाडाची मुळं म्हणजे भिंतीत घुसणारे खिळे. उंदरांची बिळं बुजवली. सांडव्यात, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या वाटेत, अडकलेला पालापाचोळा हातानं काढला. लोकांना वाटायचं, काय आरामाची नोकरी आहे, नुसतं फिरायचं.

थोरले मालक गेले, मुलगा मालक झाला. याच मालकांना दादानं कमरेला दोर बांधून पोहायला शिकवलं होतं. पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. नव्या मालकांना होड्या मोठ्या हव्या होत्या, त्यांना पाणी जास्त हवं, म्हणून त्यांनी सांडव्यावर फळ्या ठोकल्या आणि पाणी हातभर चढवलं. दादा म्हणाला, "मालक, भिंतीला इतक्या पाण्याची सवय नाही." मालक म्हणाले, "दादा, तुम्ही फार जुन्या काळातले." त्या दिवसापासून बाटली भरताना दादा आकडे दोनदा मोजू लागला.

आता भावाचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

भाऊ दादापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा सहा वर्षांचा. दादानं त्याला उचलून चौकीत आणलं आणि दादाच्या बायकोनं, लग्नाला जेमतेम दोन महिने झालेल्या त्या मुलीनं, त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. नंतर दादाला एक मुलगी झाली, ती या काकाच्या खांद्यावर बसूनच मोठी झाली. भाऊ शिकला, चांगलं बोलायला शिकला, माणसांना आपलंसं करायला शिकला. दादानं मालकांकडे शब्द टाकला आणि भाऊ क्लबाचा मॅनेजर झाला. त्या दिवशी दादाची छाती अशी फुगली होती, की बायको म्हणाली, "सदऱ्याची बटणं सांभाळा." धरणाच्या खाली, ओढ्याच्या काठानं तेरा घरांची एक आळी होती. त्यातलं चौथं घर भावानं घेतलं. पाचव्यात दादाची लेक, जावई आणि चार वर्षांची नात. मध्ये एकच भिंत. लेक कपडे शिवायची, मशीन चाललं की पलीकडून काकू ओरडायची, "अगं, माझा कप हलतोय." जावयाचं लोखंडी जोडकामाचं छोटं दुकान होतं. दादाला वाटायचं, आपण नसलो तरी लेकीला भिंतीपलीकडे आपलं माणूस आहे.

एका रविवारी बाटली भरली आणि दादानं ती उजेडासमोर धरली, तर पाणी तांदूळ धुतल्यासारखं. त्यानं ती ओतली, बाटली विसळली, पुन्हा भरली. तसंच. आकडे मोजले. नेहमी नव्वदला भरणारी बाटली एकाहत्तरला भरली होती. तो तिथंच दगडावर बसला आणि बराच वेळ डाव्या टोकाकडे बघत राहिला. वरून होडीतल्या माणसांचं हसणं ऐकू येत होतं.

मालकांनी बाटली हातातसुद्धा घेतली नाही. "बघू, सीझन संपल्यावर." तळ्याकाठी सहा नवे बंगले उठणार होते, घेणारे लोक पुढच्या महिन्यात पाहायला येणार होते, आणि तळं काठोकाठ दिसायला हवं होतं. आता पाणी उतरवायचं म्हणजे नुसता चिखल दाखवायचा. दादानं हात जोडले. मालकांना फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर निघून गेले.

मग दादा भावाकडे गेला. दुसऱ्या कुणाकडे जाणार? भावानं बाटली घेतली, उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा उतरला. दादाला बरं वाटलं. निदान याला तरी कळलं.

"दादा, तू म्हणतोस ते खरं आहे," भाऊ म्हणाला. "पण तू बोंबलत सुटलास तर मालक तुला आजच काढतील, आणि मग बाटली भरायलाही कुणी राहणार नाही. इंजिनिअर बाईंची तपासणी चार आठवड्यांवर आलीय. तुझ्या बाटल्या त्या स्वतः बघतात की नाही? बघू दे त्यांना. त्यांनी लिहून दिलं की मालकांच्या बापालाही पाणी उतरवावं लागेल. तोवर जरा धीर धर."

बोलणं पटण्यासारखं होतं. या बाई वर्षातून एकदा सरकारकडून यायच्या, आणि मागच्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "काका, या क्लबाच्या फायलीपेक्षा तुमच्या बाटल्यांवर माझा जास्त विश्वास आहे."

"आणि हे बघ," भाऊ म्हणाला, "पोरीला यातलं काही सांगू नकोस. तिला झोप लागायची नाही. अख्खी आळी घाबरेल, पळापळ होईल, आणि उद्या काही निघालं नाही तर लोक तुलाच नावं ठेवतील. मी खालीच राहतो ना? माझी बायको-पोरं तिथंच आहेत. काही वाटलं तर मी पहिला उठवीन तिला."

माझी बायको-पोरं तिथंच आहेत. एवढं दादाला पुरलं. त्यानं भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहण्याचा शब्द दिला.

तो पहिला धरून चार रविवार गेले. चार बाटल्या फळीवर चढल्या, प्रत्येक मागच्यापेक्षा गढूळ, तळाशी बोटभर गाळ, वर तांबूस कडं. बाटली पन्नास आकड्यांत भरू लागली होती. या दिवसांत दादा तीनदा लेकीकडे जाऊन आला. नात त्याच्या मांडीवर बसायची, लेक चहा ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, तुमचं लक्ष कुठंय?" तो म्हणायचा, "कुठं नाही गं." शब्द दिला होता.

तपासणी शुक्रवारी होती. गुरुवारी सकाळी भाऊ चौकीवर आला. मोठ्या होडीच्या इंजिनाचा एक भाग आणायला शहरात जायचं होतं, दुकानदार ओळखीच्या माणसाशिवाय देत नव्हता, शनिवारी तर बंगले घेणारे येणार. "तूच जा दादा. बाईंना बाटल्या मी दाखवतो." दादाचा पाय निघत नव्हता. पण बाटल्या तर फळीवर होत्याच, आणि बाटल्या काही खोटं बोलत नाहीत. बायकोला बरोबर घेऊन तो गेला. तिलाही दोन दिवस तिच्या बहिणीकडे राहायला मिळालं. चौकीची किल्ली भावाकडे दिली.

शनिवारी अकराच्या सुमाराला तो परतला तेव्हा क्लबात पाहुण्यांची गर्दी होती. कचेरीच्या दारावर नवं प्रमाणपत्र काचेत घालून टांगलेलं होतं. दादानं चष्मा पुसला आणि वाचलं. धरणाची स्थिती समाधानकारक. त्यानं पुन्हा वाचलं. त्याला वाटलं, बाईंनी नीट पाहिलं नसेल, घाईत असतील. तो जवळजवळ पळतच चौकीत गेला.

फळीवर एक्कावन्न बाटल्या होत्या; एक बाईंनी तपासायला नेली असणार. शेवटच्या तीन नितळ. चिठ्ठ्या त्याच्याच हातच्या, तारखा बरोबर, बुचंही त्याचीच. पाणी असं लख्ख, की पलीकडचं झाड दिसत होतं.

पण कडं नव्हतं.

बायकोनं मागून येऊन एक बाटली उचलली, नखानं काच खरवडून पाहिली आणि म्हणाली, "हे नळाचं पाणी आहे. हिला घासायलासुद्धा नको." छत्तीस वर्षं जिनं ती कडी घासली, तिच्यापासून हे लपणार थोडंच. ज्यानं बाटल्या बदलल्या त्यानं गाळ तेवढा पाहिला होता, आणि तो गेला की झालं असं त्याला वाटलं होतं. कडं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. सहा वर्षांचा असल्यापासून तो या बाटल्यांशेजारी झोपला होता, पण त्यानं एकदाही बाटली घासली नव्हती.

किल्ली कुणाकडे होती हे दोघांनाही माहीत होतं. बायको खाटेवर बसली. "पडलं असेल हातून, फुटल्या असतील," ती म्हणाली, "म्हणून घाबरून..." आणि मग तिलाच ते पुढे बोलवेना. दादालाही तसंच काही वाटून घ्यायचं होतं. मालकांनी भरीला घातलं असेल, नोकरीची धमकी दिली असेल. माणूस आपल्या माणसासाठी किती कारणं शोधतो. निदान भाऊ स्वतः खाली राहतो, आपल्या पोरांसकट राहतो, तेव्हा त्याला खरंच वाटत असेल की काही होणार नाही. चुकला असेल, पण वाईट नसेल. एवढं एक धरून दादा आळीकडे उतरला, त्याच्या तोंडूनच ऐकायचं म्हणून.

चौथ्या घराला कुलूप होतं.

लेक मशीनवर बसली होती. "काकाकडे आलात का? तो वरच असतो हल्ली. काकूला आणि मुलांना दहा दिवसांपूर्वीच काकूच्या भावाकडे पोहोचवलं त्यानं. घराला रंग द्यायचाय म्हणे."

"रंगारी आला?"

"कुठं? अजून कुणी फिरकलंसुद्धा नाही." तिनं दोरा दातानं तोडला. "आणि रंगासाठी कुणी एवढं सामान हलवतं का? कपाट नेलं, टीव्ही नेला, ओट्यावरच्या कुंड्या नेल्या. मांजरसुद्धा टोपलीत घालून नेलं. मी म्हटलं, काका, मांजराला पण रंग देणार का? तर हसला नाही. नुसता डोक्यावर हात ठेवून गेला माझ्या."

दादानं दाराची चौकट धरली. कुंपणच शेत खातं हे त्यानं शंभरदा ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. बाटल्या बदलल्या ते एकवेळ त्यानं गिळलं असतं. याला माहीत होतं. धरण जाणार हे याला पक्कं माहीत होतं, दादाइतकंच. त्यानं आपली बायको काढली, पोरं काढली, मांजर काढलं, आणि भिंतीपलीकडे जिला खांद्यावर खेळवलं तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. वर तिच्या बापाकडून गप्प राहण्याचा शब्द घेऊन. केसानं गळा कापला. दादाला रडूही आलं नाही, रागही आला नाही. फक्त असं वाटलं, की आपण आजवर ज्या घरात राहिलो ते आपलं नव्हतंच.

मग त्यानं सांगितलं. उभ्याउभ्याच, चार वाक्यांत. लेक ऐकत राहिली. तिचा पाय मशीनवरून उतरला. ती काही विचारेल असं त्याला वाटलं, पण तिनं नातीला उचललं, पायात चपला घातल्या आणि शेजारच्या घरांची दारं वाजवायला निघाली. अर्ध्या तासात तेरा घरांतली माणसं टेकडीच्या चढावर होती, म्हातारे, तान्ही मुलं, कुणाच्या हातात रेडिओ, कुणाच्या हातात ताटलीत अर्धं जेवण.

दादानं लेकीच्याच फोनवरून इंजिनिअर बाईंना गाठलं.

"बाई, काल माझ्या बाटल्या पाहिल्या तुम्ही?"

"पाहिल्या ना काका. एक तपासायला घेऊनही आले. पायथ्याच्या वाटेवर गांधीलमाश्यांचं पोळं आहे म्हणाले तुमचे मॅनेजर, त्यामुळे नळीपर्यंत नाही गेले. पण म्हटलं, काकांच्या बाटल्या आहेत, मग झालं."

"त्या बाटलीला तांबूस कडं आहे का, तेवढं बघा."

पलीकडे काच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "नाही," बाई म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "काका, मी दोन तासांत पोहोचते. पण पाणी उतरवायला तुम्ही आत्ताच लागा. जबाबदारी माझी."

पाणी सोडायचं चाक तळ्यातल्या छोट्या बुरुजावर होतं आणि त्याला साखळी होती. जावयानं दुकानातून कात्री आणली, लोखंड कापायची, हातभर लांब. काठावर पाहुणे उभे होते, थंड पेयांचे पेले हातात घेऊन. त्यांना वाटलं, काहीतरी कार्यक्रम आहे. दादानं आधी सांडव्यावरच्या फळ्या उखडल्या. पाण्याचा वरचा हातभर थर त्या वाटेनं निघाला. मग तो बुरुजावर गेला. साखळी तुटली तेव्हा भाऊ बुरुजाकडच्या अरुंद पुलावरून धावत आला.

"दादा, चाक सोड. अरे, लोक बघतायत."

दादानं चाकाला चार फेरे दिले. चारच. एकदम उपसलं तर ओली भिंत पाण्यामागं घसरत खाली येते, हे या रागातही तो विसरला नव्हता.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न होता," भाऊ म्हणाला. "सीझन संपला की दुरुस्ती करणारच होतो. मालकांनी वरचा एक बंगला आपल्याला देऊ केलाय. आपल्याला म्हणजे तुलासुद्धा. तुझ्यासाठीच केलं ना सगळं?"

"मांजर का हलवलंस?"

भावानं काठावरच्या पाहुण्यांकडे पाहिलं.

"मांजर हलवलंस ना? मग माझी नात का नाही?"

"तिला हलवलं असतं तर..." भाऊ थांबला. बाकीचं दादाला न सांगताच कळलं. तिला हलवलं असतं तर दादाला कळलं असतं. दादाला कळलं असतं तर त्यानं चाक फिरवलं असतं. म्हणून तिला तिथंच ठेवली. काही ठरवून मारायला नव्हे. एवढं वाईट कुणी नसतं. नुसती ठेवली. झाकण ठेवतात तशी.

"मी तिला वेळेवर सांगणार होतो, दादा."

"वेळ तुला कोण सांगणार होतं?" दादा म्हणाला, आणि त्यानं पाठ फिरवली. भावाशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

मालक आले, ओरडले, पोलिसांना बोलावतो म्हणाले. दादा चाकाला टेकून उभा राहिला. बाई आल्या त्या थेट पायथ्याशी उतरल्या. तिथं गांधीलमाशी सोडा, साधी माशीही नव्हती. नळीतून चहाच्या रंगाचं पाणी धो धो येत होतं. त्यांनी वर येऊन प्रमाणपत्र स्वतःच्या हातानं काढलं आणि चाकाला हात लावायचा नाही असं लिहून तिथं मोहोर लावली. जाताना दादासमोर थांबून म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी पाणी बघायला हवं होतं, मी तुमचं नाव बघितलं."

तळं उतरायला नऊ दिवस लागले. होड्या एकेक करून चिखलात बसल्या. नवव्या दिवशी भिंतीच्या आतल्या अंगाला, डाव्या टोकाशी, भोक दिसलं. वाकून आत जाता येईल एवढं. बाईंनी आत दिवा धरला तर खोडाचा आकार तसाच्या तसा होता, मुळांच्या फांद्यांसकट, फक्त लाकूड नव्हतं. बाई म्हणाल्या, आठवडा. फार तर दहा दिवस राहिले असते.

दादाची नोकरी गेली, त्याबरोबर चौकी गेली. बाटल्या त्यानं तिथंच सोडल्या. भाऊ वरच्या गावात बायकोच्या भावाकडे राहतो असं कळलं. त्यानं निरोप पाठवला, की दादानं चारचौघांत माझं तोंड काळं केलं, घरातली गोष्ट घरात मिटवता आली असती. दादाची बायको तो निरोप ऐकून दिवसभर जेवली नाही. आळीतली माणसं मात्र दादाला वाटेत थांबवून हात हातात घेत, म्हाताऱ्या बायका आशीर्वाद देत, आणि त्याला कुठं बघावं कळेनासं व्हायचं.

दोघं लेकीकडेच राहायला आली. पुढच्या खोलीत मशीनशेजारी त्यांची खाट पडली. लेक सगळं नीट करायची. वेळेवर जेवण, वेळेवर औषध. नातीला म्हणायची, आजोबांना त्रास देऊ नको. फक्त बोलायची नाही. म्हणजे बोलायची, पण पाहुण्याशी बोलावं तशी. दादाला वाटलं, काकाचं दुःख आहे, उतरेल.

एके दुपारी बायको आणि नात बाहेर गेल्या होत्या. लेक शिवत होती. दादा खाटेवर बसून तिच्या पायाकडे बघत होता, मशीन कसं चालतं ते. म्हणाला, "काकानं आपल्याला असं करायला नको होतं गं."

मशीन थांबलं.

"बाबा, गढूळ पाणी पहिल्यांदा कधी आलं?"

त्यानं तारीख सांगितली. तारखा त्याला पाठ असायच्या.

"त्यानंतर तुम्ही तीनदा आला होता इथं. मी चहा केला. हिला मांडीवर घेऊन बसला होतात तुम्ही, याच खोलीत. मी विचारलं, लक्ष कुठंय तुमचं."

दादानं खाटेवरची चादर सारखी केली.

"काकानं आपली माणसं तरी हलवली," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. कापडाच्या दोन कडा जुळवत होती.

"मी त्याच्यावर विश्वास ठेवला गं," दादा म्हणाला.

"आणि मी तुमच्यावर," लेक म्हणाली, आणि तिनं मशीन सुरू केलं.